किती खोल?

आता तालुक्याच्या गावातही बाजारपेठेत, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर, एखादं स्किन क्लिनिक असतंच. रिसेप्शनवर लॅमिनेट केलेलं दरपत्रक ठेवलेलं असतं: हायड्राफेशियल, केमिकल पील, मायक्रोनीडलिंग, पीआरपी, लेझर टोनिंग, बोटॉक्स 'पर युनिट', फिलर 'पर एमएल', ग्लुटाथायोन ड्रिप. सगळं एकाच टायपात, एकाखाली एक. यातली पहिली गोष्ट त्वचेवरच्या मेलेल्या पेशी धुऊन काढते. तिसरी त्वचेला बारीक बारीक भोकं पाडते. बोटॉक्स हे माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे आणि यादीतली शेवटची ओळ थेट शिरेत जाते. दरपत्रकावर मात्र त्यांच्यात फरक दिसतो तो फक्त रुपयांचा.

हे शब्द पाठ करण्यात अर्थ नाही. वर्ष सरायच्या आत त्यांत नव्यांची भर पडते. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: हे त्वचेत किती खोल जातं? उत्तर मिळालं की परिणाम किती टिकेल, बिघडलं तर किती बिघडेल आणि ते कोणाच्या हातून करून घ्यावं, याचा बराचसा अंदाज येतो.

त्यासाठी त्वचेचे मजले आधी ओळखून घेऊ. सर्वांत वरचा थर मेलेला असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. चपट्या मृत पेशी विटांसारख्या एकमेकींवर रचलेल्या आणि मधल्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं यांचा गिलावा. 'स्किन बॅरियर' म्हणतात तो हाच. 'बॅरियर रिपेअर' लिहिलेली क्रीम्स या गिलाव्याची डागडुजी करण्याचा दावा करत असतात, आणि साबणाने खसाखसा तोंड धुणारे तोच गिलावा रोज थोडा थोडा खरवडत असतात. त्याखाली जिवंत बाह्यत्वचा. तिच्या तळाच्या रांगेत नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि साधारण चार आठवड्यांत गळून पडतात. वय वाढलं की हा प्रवास रेंगाळतो. याच तळाच्या रांगेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्याखाली एक-दोन मिलिमीटर जाडीची अंतस्त्वचा. कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळं हे सगळं इथे. मग चरबी आणि तिच्याखाली चेहऱ्याचे स्नायू.

वरचा मेलेला थर दिसायला क्षुल्लक, पण पहारेकरी म्हणून कडक. दोन डच त्वचारोगतज्ज्ञांनी २००० साली एक निरीक्षण मांडलं, ते आता '५०० डाल्टनचा नियम' म्हणून ओळखलं जातं. डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून आत शिरणं जवळपास अशक्य. रेटिनॉल २८६ डाल्टनचं, क जीवनसत्त्व १७६, नायसिनामाइड १२२. यांना वाट मिळू शकते. कोलॅजेनचा रेणू मात्र तीन लाख डाल्टनच्या घरातला. तेव्हा 'कोलॅजेन क्रीम' लावल्याने अंतस्त्वचेतलं कोलॅजेन वाढतं, ही समजूत आकाराच्याच मुद्द्यावर निकालात निघते. ते क्रीम वर बसून त्वचा मऊ ठेवतं, इतकंच. हायलुरोनिक अ‍ॅसिडचंही तेच. बहुतेक सीरममध्ये त्याचे रेणू मोठे असतात. ते वरच राहून पाणी धरून ठेवतात आणि चेहरा काही तास टवटवीत दिसतो. हेच द्रव्य फिलर म्हणून सुईने अंतस्त्वचेत किंवा त्याहून खाली सोडलं की महिनोन्‌महिने टिकतं. नाव एक, खोली वेगळी, म्हणून गोष्टही वेगळी.

कायदा मात्र खोलीपेक्षा दाव्याकडे पाहतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा. त्यानुसार स्वच्छ करण्यासाठी, सुंदर दिसण्यासाठी, रूप बदलण्यासाठी अंगाला लावायची वस्तू म्हणजे प्रसाधन. रोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा केला की ते औषध. म्हणून क्रीमच्या डब्यांवरची भाषा इतकी तोलूनमापून असते. 'सुरकुत्या कमी होतात' असं न लिहिता 'सुरकुत्या कमी झाल्यासारख्या दिसतात' असं लिहिलेलं असतं. ते 'दिसतात' वकिलाने घातलेलं असतं.

या दोन खणांमधली रेघ किती महाग पडू शकते, ते विकोला विचारावं. केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत उभ्या केलेल्या या कंपनीची हळदीची क्रीम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला. प्रसाधन ठरलं तर कर जास्त. आपण कॉस्मेटिक नाही हे जाहिरातीच्या गाण्यातच बजावून सांगणारं हे बहुधा एकमेव उत्पादन असावं, आणि दूरदर्शनच्या काळातल्या प्रत्येकाला ती चाल पाठ आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल लागला तो औषधाच्या बाजूने.

या दोन खणांच्या मधल्या फटीतून 'कॉस्मेस्युटिकल' हा शब्द आला. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८०च्या दशकात तो लोकप्रिय केला. ऐकायला अर्धं औषध वाटतं, पण अमेरिकेच्या किंवा आपल्या कायद्यात असा वर्गच नाही. 'डर्मटॉलॉजिकली टेस्टेड' हाही असाच मोकळा शब्द. कोणी, किती जणांवर, काय तपासलं, हे तो सांगत नाही. 'हायपोअलर्जेनिक'लाही अमेरिकेत सरकारी व्याख्या नाही. 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे रंध्रं तुंबवून पुटकुळ्या न आणणारं. ही चाचणी सुरुवातीला सशाच्या कानाच्या आतल्या बाजूवर होत असे, आणि सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा कितीतरी लवकर तुंबतो. त्यामुळे इंटरनेटवर फिरणाऱ्या 'खोबरेल तेलाला चार गुण, अमक्याला दोन' अशा तक्त्यांवर फार विसंबू नये.

आता सनस्क्रीनची ट्यूब. समोर ठळक 'एसपीएफ ५०', शेजारी 'पीए' आणि त्यापुढे अधिकची तीन-चार चिन्हं. एसपीएफचा आकडा ठरवण्यासाठी स्वयंसेवकांच्या पाठीवर क्रीम लावून अतिनील प्रकाश सोडतात. क्रीम नसताना त्वचा लाल व्हायला जेवढी मात्रा लागते, तिच्या किती पट मात्रा क्रीम लावल्यावर लागली, तो एसपीएफ. ३० असेल तर लाली आणणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० असेल तर ९८. आकड्यांतली उडी मोठी, प्रत्यक्षातली लहान. त्यातून चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावतात आणि घरी आपण लावतो तो त्याच्या पाव ते निम्मा. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढल्या तर चेहरा आणि मान मिळून जवळपास पुरेसं होतं. रोज इतकं कोणी लावणार नाही हे उघड आहे. पण ५०च्या ट्यूबमधलं वाटाण्याएवढं क्रीम लावून निश्चिंत होण्यापेक्षा ३०चं भरपूर लावलेलं बरं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एसपीएफ मोजतो ती लाली. बहुतेक मराठी माणसं उन्हात लाल होतच नाहीत. ती रापतात, गालावर वांग उठतो, जुना डाग गडद होतो. लाली मुख्यतः यूव्हीबी किरणांमुळे येते आणि ते किरण बाह्यत्वचेतच बहुतांशी शोषले जातात. यूव्हीए अधिक खोल, अंतस्त्वचेपर्यंत पोचतात, कोलॅजेनचं नुकसान करतात आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात. टॅक्सीवाल्यांचा खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा दिसतो, तो याच किरणांमुळेही. यूव्हीएचा बंदोबस्त किती, हे सांगतात ती 'पीए'पुढची चिन्हं. ही पद्धत जपानची. चार चिन्हं म्हणजे सर्वांत वरची पायरी. वांगाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे: नुसता डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेला रंग चढवतो, आणि बिनरंगी सनस्क्रीन त्याला फारसं अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं 'टिंटेड' सनस्क्रीन थोडंफार अडवतं. म्हणजे ट्यूबवरचा सर्वांत मोठा आकडा गोऱ्या कातडीच्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपलं उत्तर शेजारच्या बारीक अक्षरांत असतं.

जाता जाता: 'फिजिकल' सनस्क्रीन किरण परतवतं आणि 'केमिकल' शोषतं, हे सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात 'फिजिकल'मधली झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडसुद्धा अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात. चेहऱ्यावर पिठूळ थर दिसतो तो मात्र त्यांचाच.

क्रीम आणि औषध यांच्यातली सीमा सर्वांत धूसर होते ती रेटिनॉइड्सपाशी. अ जीवनसत्त्वाचं हे कुटुंब. दुकानात मिळणारं रेटिनॉल त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनोइक अ‍ॅसिड होतं; काम करतं ते शेवटचं. हेच रेटिनोइक अ‍ॅसिड तयार रूपात ट्रेटिनॉइन नावाने मिळतं आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे. ते पेशीच्या केंद्रकापर्यंत जातं, पेशी लवकर पालटायला लावतं आणि कोलॅजेनची निर्मितीही वाढवतं. सुरुवातीचे काही आठवडे चेहऱ्याला साली सुटतात, आग होते. गर्भारपणात किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना ही औषधं टाळतात. याच कुटुंबातली पोटात घ्यायची आयसोट्रेटिनॉइनची गोळी तर गर्भात गंभीर व्यंग आणू शकते. ट्रेटिनॉइनला मुरमांसाठी मान्यता मिळवून देण्यामागेही क्लिगमनच होते, आणि त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर झाला. सौंदर्याच्या या व्यवसायाला असं तळघर आहे, हे ठाऊक असलेलं बरं.

क्लिगमन यांचं आणखी एक देणं आपल्या घराघरांत पोचलं आहे, नाव मात्र कोणाला ठाऊक नाही. १९७५ साली त्यांनी आणि एका सहकाऱ्याने डाग घालवण्यासाठी तीन औषधांचं मिश्रण सुचवलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. तिन्हींचं काम वेगळं. हायड्रोक्विनोन मेलॅनिन बनण्याला आळा घालतं, ट्रेटिनॉइन ते पोचवायला मदत करतं आणि स्टेरॉइड आग शमवतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजके आठवडे, फक्त डागावर लावण्यासाठी 'ट्रिपल कॉम्बिनेशन' आजही उपयोगी आहे. आपल्याकडे स्टेरॉइड बदलून याच धर्तीच्या ट्यूब निघाल्या आणि मेडिकलच्या काउंटरवर त्या गोरं होण्याचं क्रीम म्हणून विकल्या जाऊ लागल्या. शेजारणीने सांगितलं, पार्लरमधल्या ताईंनी डबीत घालून दिलं, भावाने आपल्या मुरमांची ट्यूब बहिणीला दिली.

पुढे काय होतं, ते कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या ओपीडीत बसलं की दिसतं. पहिले काही दिवस जादू: स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा फिका, गुळगुळीत दिसतो, मुरमांची लाली जाते. मग वापर वाढतो. काही महिन्यांत गालावर बारीक लालसर शिरा दिसू लागतात, कातडी कागदासारखी पातळ होते, हनुवटीवर आणि गालावर लव वाढते, एकाच वेळी उठल्यासारखं एकसारखं पुरळ येतं. उन्हात गेलं की आग. ट्यूब बंद केली की दोन दिवसांत चेहरा लालबुंद होऊन पेटतो, म्हणून माणूस ती पुन्हा लावतो. याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं नाव दिलं. जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात भारताने घातलेली ही भर अभिमान वाटावा अशी नाही. त्यांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, या गैरवापराविरुद्ध वेगळं कृतिदल नेमलं. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड क्रीम्स 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जातात, हे सगळ्यांना माहीत आहे.

घरात अशी ट्यूब असेल तर चष्मा लावून घटकांची यादी वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही दिसलं, किंवा वेष्टनाच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ दिसली, तर ते प्रसाधन नाही. बरेच महिने लावत असाल तर एका रात्रीत बंदही करू नका. डॉक्टर ते हळूहळू उतरवतात.

पील, लेझर आणि सुया यांच्याकडे वळण्याआधी एक तक्ता. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हात त्वचा भाजते किती आणि रापते किती यावरून तिचे प्रकार पाडले. सुरुवातीला भर गोऱ्या कातडीवरच होता. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा हे प्रकार नंतर नीट वेगळे झाले. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतात. डॉक्टरने 'टाइप फाइव्ह' असं कागदावर लिहिलं तर तो वर्णभेद नाही, सावधगिरी आहे. कारण आपल्या त्वचेची खोड अशी की तिला कसलीही दुखापत झाली, मग ते पुटकुळी फोडणं असो, वॅक्सिंगचा चटका असो की जास्त झालेलं पील असो, जखम भरते आणि मागे काळा डाग उरतो. डॉक्टरी नाव 'पोस्ट-इन्फ्लमेटरी हायपरपिगमेंटेशन', बोलताना 'पीआयएच'. परदेशी व्हिडिओत एखाद्या बाईचा चेहरा आठवड्यात उजळलेला दिसतो. तीच मात्रा इथे महिनोन्‌महिने टिकणारा डाग देऊ शकते.

केमिकल पील म्हणजे आम्लाने त्वचेचा वरचा भाग मोजून सोलणं. उसाशी नातं सांगणारं ग्लायकोलिक, दुधातलं लॅक्टिक, बदामाशी जोडलेलं मॅन्डेलिक हे 'एएचए' गटातले; सॅलिसिलिक हे 'बीएचए', तेलात विरघळणारं, म्हणून मुरमांच्या तुंबलेल्या रंध्रांत उतरणारं. एएचए त्वचेवर काय करतात, हे व्हॅन स्कॉट आणि यू या जोडीने १९७४ साली माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या रुग्णांवर दाखवलं. सौंदर्याचा धंदा नंतर आला. सौम्य पील मेलेल्या थरापुरतं थांबतं, त्याहून जोरदार बाह्यत्वचा ओलांडतं. ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावताना डॉक्टर एक खूण बारकाईने पाहत असतात. ब्रश फिरला की काही सेकंदांत त्वचेवर पांढुरकी झाक येते. आधी ठिपक्याठिपक्यांनी, मग एकसंध. याला 'फ्रॉस्टिंग' म्हणतात, आणि ती त्वचेतली प्रथिनं गोठल्याची खूण असते. झाक लाल त्वचेवर विरळ आहे की घट्ट पांढरी, यावरून आम्ल किती खोल उतरलं ते कळतं. लाली दिसायची बंद होऊन नुसता पांढरा थर उरला तर आम्ल बरंच खाली गेलं. हे वाचायला डोळा तयार लागतो. म्हणूनच ऑनलाइन मागवलेल्या बाटलीने हा प्रयोग न्हाणीघराच्या आरशासमोर करायचा नसतो. आणि लिंबू म्हणजे 'नैसर्गिक पील' असं म्हणणाऱ्यांसाठी: लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं उन्हाशी गाठ पडली की त्वचा भाजतात, फोड येतात आणि मग तेच काळे डाग.

मायक्रोनीडलिंगमध्ये तर खोली सरळ मिलिमीटरमध्ये मोजतात. घरगुती रोलरच्या सुया ०.२-०.३ मिलिमीटरच्या, त्या क्रीमला वाट देतात, व्रण घालवत नाहीत. मुरमांच्या खड्ड्यांसाठी डॉक्टर दीड-दोन मिलिमीटर जातात, म्हणजे अंतस्त्वचेत, म्हणजे रक्त येतं. हायड्राफेशियल हे उलट टोक: पाणी सोडत आणि ओढत मेलेला थर साफ करायचा. दोन-चार दिवस चेहरा छान दिसतो. समारंभाआधी करायला हरकत नाही. उपचार म्हणून पॅकेज घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

लेझरबद्दल सर्वांत उपयोगी कल्पना रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली मांडली. पहिला लेझर १९६०चा, थिओडोर मेमन यांचा. त्वचेवर तो लगेच वापरून पाहिला गेला, पण तो आजूबाजूचं सगळंच भाजत असे. या दोघांचं म्हणणं असं की प्रकाशाचा रंग असा निवडा की तो नेमकं लक्ष्य शोषून घेईल, आणि झोत इतका क्षणिक ठेवा की उष्णता शेजारी पसरण्याआधीच संपेल. केस काढण्याच्या लेझरचं लक्ष्य म्हणजे केसातलं मेलॅनिन. पण मेलॅनिन आपल्या त्वचेतही भरपूर, म्हणून तोच झोत त्वचेलाही चटका देऊ शकतो. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट गोऱ्यांना सोयीचा, ८१०च्या आसपासचा डायोड मधला, आणि १०६४चा एनडी-याग मेलॅनिनकडे कमी लक्ष देत खोल उतरतो, म्हणून सावळ्या त्वचेला अधिक सुरक्षित. 'तुमच्याकडे कोणता लेझर आहे?' असं विचारल्यावर समोरचा नुसतं मशीनच्या ब्रँडचं नाव सांगत असेल, तर तरंगलांबी विचारा. आयपीएल हा लेझरच नाही, अनेक रंगांचा मिसळलेला झोत आहे; सावळ्या चेहऱ्यावर तो जपून. पांढऱ्या केसांवर यातलं काहीच चालत नाही, कारण लक्ष्यच नाही. आणि अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेले शब्द 'परमनंट रिडक्शन' असे आहेत, कायमचं निर्मूलन नव्हे.

हनुवटीवर राठ केस येणाऱ्या मुलींना मात्र लेझरच्या आधी पाळीबद्दल विचारायला हवं. पीसीओएस असेल तर केसांमागे हार्मोन आहे, आणि तो त्या लेझरच्या खोलीत सापडत नाही. 'लेझर टोनिंग' हे वांगावर कमी ताकदीने वारंवार फिरवायचं प्रकरण. काहींना बरं वाटतं, थांबवल्यावर डाग बहुधा परततो, आणि फार फेऱ्या झाल्या तर काळ्या डागाच्या जागी पांढरे ठिपके उमटू शकतात.

बोटॉक्सची गोष्ट सॉसेजपासून सुरू होते. १८२०च्या दशकात जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचे डॉक्टर युस्टिनस केर्नर यांनी बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला; पापण्या मिटतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. हे विष थोडं थोडं वापरून स्नायूंच्या आजारावर औषध होईल, असा अंदाजही त्यांनी तेव्हाच बांधला. १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या वादकांनी हॅम खाल्लं, काही दगावले, आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जीवाणू शोधला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी हे विष वापरलं, त्याला १९८९ साली मान्यता मिळाली. चेहऱ्यावरच्या आठ्यांपर्यंत ते आणलं व्हँकूवरच्या जीन आणि अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स या दांपत्याने. जीन नेत्रतज्ज्ञ, अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. पापण्या फडफडण्याच्या आजारासाठी इंजेक्शन घेणाऱ्या एका रुग्णेने भुवयांच्या मध्येही टोचण्याचा आग्रह धरला. तिथे टोचलं की चेहरा निवांत दिसतो, असं तिचं म्हणणं. अ‍ॅलिस्टर यांच्याकडे आठ्यांची तक्रार घेऊन येणाऱ्या बायका होत्याच. १९९२ साली त्यांचा शोधनिबंध आला, २००२ साली अमेरिकेची मान्यता.

बोटॉक्सची १०० युनिटची वायल हातात घेतली तर रिकामीच वाटते. तळाशी जेमतेम दिसणारा पांढुरका पापुद्रा, त्यात विषाचं प्रमाण काही नॅनोग्रॅम. आत निर्वात पोकळी असते. सलाइन भरलेल्या सिरिंजची सुई रबरी बुचातून घातली की सलाइन आपोआप आत ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती वायल वापरायची नसते. 'पर युनिट' मधलं एक युनिट म्हणजे, मोजणीच्या मूळ पद्धतीनुसार, प्रयोगातले निम्मे उंदीर मरतील इतकी मात्रा. भुवयांमधल्या आठ्यांना साधारण २० युनिट लागतात. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतकं नसतं, त्यामुळे निव्वळ 'युनिटला इतके रुपये' अशी तुलना फसवी. हे औषध मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. तीन-चार दिवसांत परिणाम सुरू, दोन आठवड्यांत पूर्ण, तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे हलल्यामुळे पडणाऱ्या आठीवर चालेल. उन्हाने सैल झालेल्या गालावर नाही. 'बोटॉक्सने ओठ फुगवले' असं सिनेमानट्यांबद्दल वाचतो, ते काम फिलरचं.

फिलर म्हणजे खड्डा किंवा पोकळी भरणारी जेली, बहुतेक वेळा हायलुरोनिक अ‍ॅसिडची. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं केलं. ते शरीरात एरवी लवकर विरघळतं, म्हणून त्याचे धागे रासायनिक गाठींनी एकमेकांत बांधतात. मग सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. फिलरचा खरा धोका सूज किंवा निळेपणा हा नाही. सुई चुकून धमनीत गेली तर जेली रक्ताची वाट बंद करते, त्वचा काळी पडून मरू लागते, आणि नाक किंवा कपाळाच्या भागातून ती डोळ्याच्या धमनीत पोचली तर दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं. त्यावर उतारा आहे: हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम, जे ही जेली विरघळवतं. ते तासांत द्यावं लागतं, उद्या सकाळी नाही.

आणि ग्लुटाथायोन ड्रिप. ग्लुटाथायोन हे तीन अमिनो आम्लांचं छोटं संयुग, आपलं शरीर ते स्वतः बनवतं. शिरेतून दिल्यावर कातडी उजळते याला भरवशाचा पुरावा नाही. फिलिपाइन्समध्ये हा प्रकार इतका बोकाळला की तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नावातला 'फेअर' सोडला, डब्यांवर आता 'ग्लो' आणि 'ब्राइट' आलं. तीच इच्छा इकडे सलाइनच्या बाटलीतून चालू आहे. फरक इतका, की क्रीम चुकलं तर त्यातलं बरंच काही मेलेल्या थराशी अडखळतं. शिरेत गेलेलं कुठेच अडखळत नाही.

राहिला प्रश्न हाताचा. आपल्याकडे त्वचेच्या डॉक्टरची पदवी एमडी, डीएनबी किंवा जुनी डीव्हीडी, डीडीव्हीएल पदविका अशी असते. फिलर, बोटॉक्स प्लास्टिक सर्जनही देतात. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' आणि 'एस्थेटिशियन' ही नावं काही महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतरही पाटीवर लागतात. हायड्राफेशियलसाठी त्याने काही बिघडत नाही. पण आम्ल, झोत किंवा सुई जिवंत थरापर्यंत जाणार असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाहावा. चिठ्ठीवर तो छापलेला असतो आणि त्यावरून पडताळणीही करता येते. बोटॉक्स घेताना वायल समोर उघडायला सांगावं, तिच्यावरचं बॅच नंबरचं लेबल फाइलला चिकटवून घ्यावं. फिलर घेण्याआधी एवढंच विचारावं: हायलुरोनिडेज आत्ता, इथल्या फ्रिजमध्ये आहे का? 'लागलं तर मागवून घेऊ' असं उत्तर आलं, तर पैसे भरायच्या आधीच उठावं.